आभाळात दिसलं ते कोणाचं?

१९४८ साली उमरगा तालुक्यातलं मुरुम निजामाच्या मुलखात होतं. त्या वर्षाच्या मध्याला कराचीहून चार इंजिनांची लँकॅस्ट्रियन विमानं रात्रीच्या अंधारात उडू लागली. भारताच्या हद्दीवरून, कुणाची परवानगी न घेता, ती हैदराबाद संस्थानात शिरायची आणि बीदर किंवा वरंगळच्या धावपट्टीवर उतरायची. पोटात बंदुका आणि दारूगोळा असायचा. मुरुमपासून बीदर सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. या उड्डाणांचा सूत्रधार होता सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक. १९३९ मध्ये, महायुद्धाला तोंड फुटण्याआधी, विमानात कॅमेरे लपवून त्याने जर्मनीच्या लष्करी ठिकाणांचे फोटो काढले होते. दुसऱ्याच्या आभाळातून गुपचूप कसं जायचं हे त्याला नेमकं ठाऊक होतं. भारत सरकारला या फेऱ्यांचा सुगावा लागला, ब्रिटनकडे तक्रारही गेली. पण रात्री उंचावरून जाणारं परकं विमान हुडकून अडवायला लागणारी रडारयंत्रणा आणि रात्रीची लढाऊ विमानं नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या हवाईदलाकडे नव्हती.

मग १३ सप्टेंबर उजाडला. सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेतला, नळदुर्ग काबीज केला आणि उमरग्याला तळ टाकला. दुसऱ्या दिवशी राजेश्वर गावाच्या वाटेवर मोर्चे बांधून बसलेल्या निजामाच्या सैन्यावर टेम्पेस्ट विमानांनी हल्ला चढवला. १७ तारखेला निजाम शरण आला आणि कॉटनच्या फेऱ्यांचा विषय संपला. पुढे लंडनच्या न्यायालयाने कॉटनला दंड केला.

त्याच वर्षी, जानेवारीत, अमेरिकेच्या हवाईदलाने 'प्रोजेक्ट साइन' नावाची चौकशी उघडली होती. लोकांना आभाळात दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंचा छडा लावायचा, हे तिचं काम. एकीकडे अमेरिका उडत्या तबकड्यांच्या मागे, दुसरीकडे भारत कराचीच्या विमानांच्या मागे. दोन्ही प्रकरणांत काहीही साम्य नाही असं वाटेल. पण दोन्ही सेनादलांच्या मनातला प्रश्न एकच होता : हे कोणाचं आहे, आणि त्यापासून आपल्याला धोका आहे का? यूएफओंच्या, म्हणजे अनोळखी उडत्या वस्तूंच्या, लष्करी चौकशांचा सगळा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात वाचला तर बराच उलगडतो. 'ते काय आहे' हा शास्त्रज्ञाचा प्रश्न. 'ते कोणाचं आहे' हा सैनिकाचा. सैनिकाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो फाइल बंद करतो, शास्त्रज्ञाचा प्रश्न तसाच राहिला तरी.

अमेरिकेतल्या प्रकरणाची सुरुवात २४ जून १९४७ ची. केनेथ अर्नोल्ड नावाचा एक हौशी वैमानिक वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर पर्वताजवळून उडत होता. त्याला प्रचंड वेगाने जाणाऱ्या नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना उडत्या तबकड्या करून टाकलं. दोन आठवड्यांनी, ८ जुलैला, न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल हवाईतळाने आपल्या हाती अशी एक तबकडी लागल्याचं जाहीर केलं, आणि लगेच ते वेधशाळेच्या फुग्याचे अवशेष असल्याचा खुलासाही केला. लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि लोक पूर्ण चुकीचे नव्हते. फुगा होता हे खरं. वेधशाळेचा होता हे खोटं. सोव्हिएत रशियाने अणुस्फोट केला तर त्याचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरात टिपता यावा म्हणून अमेरिकी लष्कर फुग्यांच्या लांबच लांब माळा सोडत होतं. 'प्रोजेक्ट मोगल' असं त्या गुप्त योजनेचं नाव. रॉसवेलचे अवशेष त्यातले होते, हे अमेरिकी हवाईदलाने जाहीरपणे सांगितलं १९९४ मध्ये. तोपर्यंत ४७ वर्षं उलटली होती आणि रॉसवेलची दंतकथा जगभर पोहोचली होती.

फुग्याच्याच पायी एका वैमानिकाचा जीव गेला. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात एक मोठी, चमकणारी वस्तू अनेकांना दिसली. गॉडमन हवाईतळावरून तिकडून चाललेल्या लष्करी विमानांना विनंती झाली : जरा पाहून या. कॅप्टन थॉमस मँटेल आपलं मस्टँग विमान घेऊन तिच्या दिशेने वर चढत गेला. बरोबरची विमानं मागे फिरली, मँटेल चढतच राहिला. त्याच्याकडे प्राणवायूची नळकांडी नव्हती. विरळ हवेत शुद्ध हरपली असावी, विमान कोसळलं. पहिला खुलासा आला, तो शुक्राच्या मागे लागला होता. भर दुपारच्या आभाळात शुक्र एवढा ठळक दिसत नाही, त्यामुळे हा खुलासा टिकला नाही. काही वर्षांनी बऱ्याच अभ्यासकांचं एकमत झालं की ती वस्तू म्हणजे नौदलाचा 'स्कायहुक' फुगा असावा. सुमारे तीस मीटर व्यासाचा हा प्लॅस्टिकचा फुगा अतिउंचावरच्या संशोधनासाठी सोडत, आणि त्या वेळी ती योजना गुप्त होती. मँटेलला ती माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही माहीत नव्हती. एका खात्याचं गुपित दुसऱ्या खात्यासाठी गूढ ठरतं, याचं इतकं दुःखद उदाहरण दुसरं मला आठवत नाही.

'साइन'नंतर 'ग्रज' आणि १९५२ पासून 'ब्लू बुक'. ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाईतळावर हे काम चालायचं. ब्लू बुकचा पहिला प्रमुख कॅप्टन एडवर्ड रूपेल्ट मोकळ्या मनाचा माणूस होता. त्याने साक्षीदारांसाठी ठरावीक प्रश्नावली तयार करून घेतली, नोंदी एका साच्यात आणल्या. खगोलशास्त्राचे सल्लागार होते प्राध्यापक जे. अ‍ॅलन हायनेक. सुरुवातीला हायनेक या सगळ्याला थोतांड समजत. वीस वर्षांत त्यांचं मत पालटलं आणि हवाईदल नीट तपास न करताच खुलासे चिकटवतं, अशी उघड तक्रार ते करू लागले. बॅटेल या संशोधनसंस्थेने हवाईदलासाठी तीन हजारांवर नोंदींचा अभ्यास केला. तो १९५५ मध्ये बाहेर आला. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : भरवशाच्या साक्षीदारांच्या, तपशीलवार नोंदींमध्ये 'अनोळखी'चं प्रमाण ढिसाळ नोंदींपेक्षा जास्त निघालं. म्हणजे फक्त अडाणी किंवा घाबरट माणसांनाच असलं काही दिसतं, हा समज तेव्हाच मोडीत निघायला हवा होता.

मात्र तोवर सैनिकी प्रश्न वेगळ्याच दिशेला वळला होता. जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवारी राजधानी वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले, लढाऊ विमानं धाडावी लागली, वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. हवेत गरम थर थंड थरावर बसला की रडारच्या लहरी वाकतात आणि जमिनीवरच्या वस्तू आभाळात असल्यासारख्या दिसतात, असा खुलासा हवाईदलाने केला. त्याच दिवसांत ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनीही आपल्या हवाईमंत्र्याला चिठ्ठी धाडून या तबकड्यांचं खरं काय आहे ते विचारलं. १९५१ मध्येच याचा पूर्ण अभ्यास झाला असून काळजीचं कारण नाही, असं उत्तर त्यांना मिळालं. आणि जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसवली. या समितीला तबकड्यांची भीती वाटली नाही. भीती वाटली ती तबकड्यांच्या बातम्यांची. हजारो नागरिक एकाच वेळी तळांवर फोन करू लागले आणि नेमक्या त्याच वेळी रशियाची बाँबफेकी विमानं आली तर? खऱ्या धोक्याची खबर या गर्दीत बुडून जाईल. म्हणून समितीने शिफारस केली की लोकांचं कुतूहल कमी होईल असं काहीतरी करा. देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीने ही शिफारस समजण्यासारखी आहे. शास्त्राचं मात्र तिने नुकसान केलं. ज्या वैमानिकाला काही दिसलं तो हसं होईल म्हणून गप्प बसू लागला, आणि चांगल्या नोंदींचा झरा आटला.

१९६६ ते ६८ या काळात कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या समितीने सगळ्याचा पुन्हा आढावा घेतला, यातून विज्ञानाच्या हाती फारसं काही लागणार नाही असं म्हटलं, आणि १७ डिसेंबर १९६९ रोजी ब्लू बुक बंद करण्याची घोषणा झाली. एकूण नोंदी १२,६१८. त्यातल्या ७०१ अखेरपर्यंत अनोळखी. बंद करताना हवाईदलाने जी कारणं दिली त्यात पहिलं होतं : यांपैकी एकाही प्रकरणातून देशाच्या सुरक्षेला धोका असल्याचं दिसलं नाही. दुसऱ्या ग्रहांचा मुद्दा त्यानंतर. त्या ७०१ आकड्यावर आजवर कितीतरी पुस्तकं उभी राहिली. माझ्या मते तो आकडा परग्रहवासीयांचा पुरावा नाही, आणि साक्षीदारांच्या मूर्खपणाचाही नाही. माहिती अपुरी पडली, एवढंच तो सांगतो.

त्या अपुरेपणात गुप्ततेचा वाटा मोठा होता. १९५५ पासून यू-२ हे हेरविमान साठ हजार फुटांच्या वर उडू लागलं. त्या काळी प्रवासी विमानं वीस हजार फुटांच्या आसपास उडायची. सूर्य मावळल्यावर खालचं प्रवासी विमान अंधारात आणि त्याच्या कितीतरी वरचं यू-२ अजून उन्हात, असं व्हायचं. रुपेरी पंखांवर ऊन चमकलं की प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आभाळात जळता गोळा दिसे, आणि तो तशी तक्रार करी. ब्लू बुकचे अधिकारी सीआयएला फोन करून उड्डाणाची वेळ ताडून पाहत. वेळ जुळली तरी साक्षीदाराला खरं सांगता येत नसे. सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलं की पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून साठच्या दशकापर्यंतच्या निम्म्याहून अधिक यूएफओ-नोंदी अशा गुप्त उड्डाणांच्या होत्या. हे प्रमाण सगळ्यांना मान्य नाही, पण प्रकार घडत होता याबद्दल वाद नाही.

आपल्याकडे आधुनिक काळातलं याच जातीचं मोठं प्रकरण घडलं लडाखमध्ये, आणि ते तपासाचा धडा म्हणून शाळेत शिकवावं इतकं चांगलं आहे. २०१२ च्या ऑगस्टपासून पँगाँग सरोवराजवळ ठाकुंगला तैनात असलेल्या इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांना रोज रात्री पिवळसर गोळे दिसू लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून ते वर यायचे, तीन ते पाच तास हळूहळू आभाळ ओलांडायचे आणि दिसेनासे व्हायचे. लष्कराने डोंगरावर फिरतं रडार आणि रेडिओलहरी तपासणारं यंत्र लावलं. डोळ्यांना गोळा दिसत होता, रडारवर काही उमटत नव्हतं. चीन सीमेवर टेहळणीची छोटी विमानं उडवत असल्याच्या बातम्या तेव्हा येतच होत्या, त्यामुळे काळजी वाढली. संसदेत प्रश्न विचारले गेले. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात जवानांनी एकूण ३२९ नोंदी केल्या; त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आत आल्याची नोंद होती.

अखेर बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे विचारणा झाली. लडाखमध्येच हानले इथे या संस्थेची वेधशाळा आहे. खगोलशास्त्रज्ञांनी जवानांना सांगितलं की वस्तू दिसली एवढंच लिहू नका. आभाळातल्या स्थिर ताऱ्यांच्या मानाने ती कुठे आहे आणि कशी सरकते ते लिहा. त्या नोंदी आल्या आणि कोडं सुटलं. एक वस्तू होती गुरू, दुसरी शुक्र. जुलै २०१३ मध्ये संस्थेचे तुषार प्रभू यांनी वृत्तपत्राला ही माहिती दिली आणि ती जगभर छापून आली.

परदेशी वाहिन्यांनी त्यावर थट्टेचे मथळे दिले. त्यांचा मला राग येतो. थट्टा करणाऱ्यांनी त्या जवानांच्या जागी उभं राहून पाहायला हवं होतं. चौदा-पंधरा हजार फुटांवरची हवा विरळ आणि कोरडी असते. तिथे ग्रह इतके तेजस्वी दिसतात की मैदानी मुलखातल्या माणसाला ते ग्रह वाटतच नाहीत. २०१२ च्या उन्हाळ्यात शुक्र आणि गुरू दोघेही पहाटे पूर्वेला होते, आणि ठाकुंगच्या जवानाची पूर्व म्हणजे चीनची बाजू. डोंगराच्या कडेवरून गोळा वर येताना हवेच्या जाड थरातून दिसतो, म्हणून पिवळा दिसतो. पृथ्वी फिरते म्हणून तो तासाला पंधरा अंश सरकतो आणि बघता बघता आपल्या डोक्याकडे, म्हणजे 'आपल्या हद्दीत' येतो. उजाडलं की मावळल्यासारखा विरून जातो. शिवाय काळ्या पार्श्वभूमीवरच्या एकट्या दिव्याकडे टक लावून पाहिलं की तो हलतोय असं डोळ्यांना वाटतं. हा दृष्टीचा सर्वांनाच होणारा भास आहे. ग्रह ओळखायची एक सोपी खूण मात्र आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतात, आणि ग्रहांचं वेळापत्रकही रोज असंच थोडं थोडं सरकत राहतं. ऑगस्टमध्ये मध्यरात्रीनंतर उगवणारा गुरू डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य मावळताच उगवू लागला होता. शत्रूचं विमान इतक्या शिस्तीने वेळ बदलत नाही. सहा महिने, कडाक्याच्या थंडीत, प्रत्येक वेळ आणि दिशा लिहून ठेवणाऱ्या जवानांच्या वह्या नसत्या, तर हा उलगडा झालाच नसता. तीच ३२९ प्रकरणं मग कायमची 'अनोळखी' राहिली असती.

सगळ्या प्रकरणांचं भाग्य असं नसतं. २७ सप्टेंबर २००४ रोजी हिमाचल प्रदेशातल्या समुद्र टापू खोऱ्यात, अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रातले हिमनदीतज्ज्ञ डॉ. अनिल कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी काम करत होती. त्यांना सुमारे चार फूट उंचीची, यंत्रमानवासारखी पांढरी आकृती उतारावरून सरकताना आणि मग हवेत वर जाताना दिसली. त्यांनी तिचे फोटो घेतले. कुलकर्णी यांनी प्रत्येक साक्षीदाराची स्वतंत्र जबानी घेतली आणि अहवाल इस्रोबरोबरच लष्कर आणि गुप्तचर खात्यांकडेही गेला. शास्त्रज्ञाने केलेली ही आदर्श चौकशी. तरी प्रकरण तिथेच थांबलं. धोका दिसला नाही, म्हणून पुढे कुणी गेलं नाही.

धोका दिसला की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २६ जानेवारी २०१६ ला राजस्थानच्या सीमेवर रडारवर एक वस्तू दिसली आणि हवाईदलाच्या सुखोईने ती पाडली. तो फुगा निघाला. तो पाकिस्तानकडून आल्याचं तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सांगितलं. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळच्या विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्याने उड्डाणं थांबली, राफेल विमानं शोधाला गेली आणि काही न सापडता परतली.

फेब्रुवारी २०२३ मधला अमेरिकेचा अनुभव याहून बोलका आहे. ४ तारखेला त्यांनी चीनचा टेहळणी फुगा पाडला. त्यानंतर १०, ११ आणि १२ तारखेला लागोपाठ तीन अनोळखी वस्तू पाडाव्या लागल्या. आठवड्याभरात अमेरिका-कॅनडाच्या आभाळात एकाएकी एवढी गर्दी कुठून झाली? गर्दी आधीपासून होती. रडारची यंत्रणा फार हळू चालणाऱ्या आणि फार लहान गोष्टी मुद्दाम गाळून टाकते, नाहीतर पडदा पाखरांनी आणि ढगांनीच भरून जाईल. चिनी फुग्यानंतर ही चाळणी बारीक करण्यात आली आणि आधी न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. त्या तीन वस्तू खासगी किंवा संशोधनाचे फुगे असण्याची शक्यता जास्त, असं राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी काही दिवसांतच सांगितलं. रडार म्हणजे आभाळाचा आरसा नव्हे, हे यातून कळतं. काय बघायचं ते आधी माणूस ठरवतो.

महाराष्ट्राने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं प्रकरण २ एप्रिल २०२२ चं, त्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि खानदेशात लोकांनी आभाळात पेटत्या गोळ्यांची रांग जाताना पाहिली. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, तबकडी, ज्याला जे सुचलं ते तो बोलत होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. आसपासच्या गावांत गोल टाक्या सापडल्या. गावकऱ्यांनी पोलिसांना कळवलं, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. सुरुवातीला न्यूझीलंडमधून सुटलेल्या रॉकेटचा अंदाज झाला. नंतर कक्षेचा हिशेब जुळला तो चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटशी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या त्या रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालत होता, तो खाली आला. अशा वेळी उल्का आणि रॉकेट यांतला फरक डोळ्यांना कळू शकतो. उल्का सेकंदाला अकरा ते सत्तर किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही क्षणांत संपते. कक्षेतून खाली येणारा सांगाडा त्याहून मंद असतो. मिनिटभरही दिसत राहतो आणि त्याचे तुकडे एकमेकांना जवळपास समांतर, मिरवणुकीसारखे जातात. गोल टाक्या जमिनीपर्यंत शाबूत येतात कारण त्या आकाराच्या मानाने हलक्या असतात, हवेत लवकर मंदावतात आणि उष्णता सोसणाऱ्या मजबूत द्रव्याच्या असतात.

आणि आता पुन्हा मुरुमचं आभाळ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. डॉ. होमी भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे वापरायला सुरुवात केली, त्यातून १९६९ मध्ये हे केंद्र उभं राहिलं. आजही तिथून रात्री आठ ते पहाटे साडेसहाच्या दरम्यान महाकाय प्लॅस्टिकचे फुगे सुटतात, ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतात आणि त्यांच्याखाली टांगलेली यंत्रं नंतर मोठ्या रंगीत हवाईछत्रीने खाली उतरतात. केंद्राच्या जाहीर सूचनांत उतरण्याची जागा सांगितलेली असते : हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या टप्प्यात, विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेवर कुठेही. हैदराबाद–सोलापूर महामार्ग मुरुमच्या उत्तरेकडून जातो आणि मुरुम हैदराबादपासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. या गावाचं आभाळ नेमकं त्या टप्प्यात येतं.

असा फुगा डोक्यावर आला तर कसा दिसेल याचा हिशेब करता येतो. पस्तीस किलोमीटर उंचीवरचा साठ मीटर व्यासाचा फुगा चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढा दिसतो. म्हणजे ठिपका नव्हे. चांगल्या नजरेला तो चक्क चकती दिसेल. एवढ्या उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. पहाटे शेताकडे निघालेला माणूस अजून अंधारात असतो आणि त्याच्या वर, जागच्या जागी थांबल्यासारखी, एक चंदेरी तबकडी एकाएकी उजळते. मँटेलने जे पाहिलं ते थोड्याफार फरकाने हेच असावं. फरक इतकाच की स्कायहुक गुप्त होता आणि हैदराबादचे फुगे आगाऊ सूचना देऊन सुटतात. तरी सूचना सगळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात एका शेतात भलामोठा गोलसर सांगाडा उतरला आणि परग्रहावरचं यान आल्याची आवई उठून बघ्यांची गर्दी लोटली. एका स्पॅनिश कंपनीने याच केंद्रातून सोडलेल्या फुग्याची ती चाचणी होती.

परग्रहावरच्या जीवनाचा प्रश्न या केंद्राला परका नाही. लष्कराने जो प्रश्न बाजूला सारला तो इथे उघडपणे विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर होते. अवकाशातून सूक्ष्मजीव पृथ्वीवर येत असतील का, हे तपासायला २१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादहून एक फुगा गेला आणि ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घेऊन आला. २० एप्रिल २००५ ला दुसरा गेला. त्याच्याखाली ४५९ किलो वजनाची यंत्रणा होती, त्यात निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत कोंडून आणली. नमुने हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे तपासले गेले. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. तीन जिवाणू नवे निघाले. त्यांना जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट अशी नावं मिळाली. जमिनीवरच्या भाईबंदांपेक्षा हे तिघे अतिनील किरणांना जास्त तोंड देणारे होते. २००९ मध्ये हे जाहीर करताना इस्रोने स्पष्ट म्हटलं की यावरून ते परग्रहावरून आले असा निष्कर्ष निघत नाही, पण संशोधन पुढे चालू ठेवायला यातून बळ मिळतं. साठ वर्षांच्या लष्करी फाइलींत मला इतकं नितळ विधान सापडलेलं नाही.

उमरगा तालुक्यात कुणाच्या शिवारात अशी हवाईछत्री उतरली तर काय करायचं, हे केंद्राच्या सूचनेत दिलेलं आहे. पेटीला हात लावायचा नाही, उघडायची नाही, जागेवरून हलवायची नाही. काही पेट्यांत जास्त दाबाची वीज असू शकते. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवायचं. शास्त्रज्ञ येऊन यंत्र घेऊन जातात आणि ज्याने कळवलं त्याला बक्षीस आणि त्याचा फोनचा, प्रवासाचा खर्च देतात. पेटीशी छेडछाड झालेली असेल तर बक्षीस मिळत नाही. वस्तू अजून आभाळातच असेल तर घड्याळातली वेळ, दिशा, आणि हात लांब करून धरलेल्या मुठीच्या मापाने क्षितिजापासूनची उंची लिहून ठेवावी. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. देवळाचा कळस किंवा विजेचा खांब खुणेला धरून दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजावं, आणि जवळ तारा असेल तर त्याच्यापासूनचं अंतरही लिहावं.